दोन इंचांचा फोम आणि रोह्यापुढचे रूळ : प्रा. मधु दंडवते यांची कारकीर्द

१/ गणेशोत्सव जवळ आला की कोकण रेल्वेच्या गाड्यांचे आरक्षण बघता बघता संपते आणि त्याबरोबर एक जुना वादही पुन्हा सुरू होतो : कोकण रेल्वे नेमकी आणली कोणी? अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन अशी नावे घेतली जातात. यांपैकी दंडवते यांच्याबाबत एक प्रश्न हटकून विचारला जातो. १९७७ ते १९७९ या काळात ते देशाचे रेल्वेमंत्री होते आणि त्यांचा मतदारसंघ होता कोकणातला राजापूर. मग कोकणात रेल्वे तेव्हाच का आली नाही?

२/ प्रश्न रास्त आहे. भारतीय राजकारणात रेल्वे खाते हे मतदारसंघाचे ऋण फेडण्याचे खाते मानले गेले आहे. मंत्री बदलला की नव्या गाड्यांची, नव्या थांब्यांची दिशाही बदलते, हा लोकांचा अनुभव आहे. दंडवते यांच्या बाबतीत तसे घडले नाही, आणि तरीही कोकणच्या रुळांवर त्यांची मुद्रा आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे ठरते, हे समजून घेण्यासाठी त्यांची कारकीर्द आरंभापासून पाहावी लागते.

३/ मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. १९४२ च्या चळवळीत ज्या पिढीचे राजकीय शिक्षण झाले, त्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, राममनोहर लोहिया ही या पिढीची दैवते. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. सत्तेवर आलेल्या पक्षातून बाहेर पडणाऱ्या या प्रवाहात तरुण दंडवते सामील झाले.

४/ पोटापाण्याचा व्यवसाय मात्र अध्यापनाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे म्हणून सकाळचे वर्ग भरवणारे हे महाविद्यालय. घरातली शिकणारी पहिलीच पिढी असलेली कितीतरी मुले तिथे येत. दंडवते यांनी तिथे भौतिकशास्त्र शिकवले आणि त्या विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. लोकसभेत जाईपर्यंत त्यांची ओळख ‘प्राध्यापक’ हीच होती. पुढे केंद्रीय मंत्री झाल्यावरही नावामागचे ‘प्रा.’ सुटले नाही.

५/ अध्यापन आणि आंदोलन ही दोन कामे त्यांनी बरोबरीने केली. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज हद्दीत शिरणाऱ्या सत्याग्रहींच्या एका तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. पक्ष प्रजा समाजवादी. या पक्षाकडे वक्ते, विचारवंत आणि कार्यकर्ते भरपूर होते. मते आणि पैसा या दोन गोष्टींची चणचण मात्र कायमची. १९७० मध्ये दंडवते महाराष्ट्राच्या विधान परिषदेवर गेले. तोवर त्यांच्या वयाची पंचेचाळिशी उलटून गेली होती.

६/ १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे बॅ. नाथ पै यांचे निधन झाले. वेंगुर्ल्यात जन्मलेले, लोकसभा गाजवणारे नाथ पै १९५७ पासून सलग तीन वेळा राजापूरमधून निवडून आले होते. त्यांच्या अकाली मृत्यूने कोकणाला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. काही आठवड्यांतच लोकसभेची मुदतपूर्व निवडणूक होती. पक्षाने राजापूरसाठी दंडवते यांना उभे केले. नगरमध्ये जन्मलेले, मुंबईत शिकवणारे हे प्राध्यापक तळकोकणाला तसे परकेच होते.

७/ ती निवडणूक ‘गरिबी हटाओ’ची. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने जिंकल्या. प्रजा समाजवादी पक्षाला अवघ्या देशात २ जागा मिळाल्या आणि त्यांतली एक राजापूरची होती. नाथ पै यांच्याविषयीची माया त्या मतांत होतीच. पण १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा पुढच्या चारही निवडणुकांत राजापूरने दंडवते यांनाच लोकसभेत पाठवले. १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि जनता पक्ष १० जागांवर आला, तेव्हाही राजापूर ढळले नाही. ही मते केवळ वारशाची होती असे म्हणता येत नाही.

८/ मतदारसंघ कसा होता? आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरीचा दक्षिण भाग. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या तरी पेढीवर. गावाकडचा संसार पोस्टमनच्या हातून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालायचा. चाकरमान्याला गावी यायचे तर एसटीने घाटवळणांतून रात्र काढायची किंवा बोटीने किनारा गाठायचा. बोटीही पावसाळ्यात बंद. त्यामुळे ‘कोकणात रेल्वे’ ही मागणी सोयीपुरती नव्हती. मुंबई आणि गाव यांत दुभंगलेली घरे जोडली जावीत, ही त्यामागची आस होती.

९/ लोकसभेतल्या पहिल्या कार्यकाळातच आणीबाणी आली. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या कामासाठी दंडवते बंगळूरला गेले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तिथेच होते. २६ जूनला चौघांनाही अटक झाली आणि त्यांची रवानगी बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात झाली. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई दंडवते महागाईविरोधी आंदोलनातून महाराष्ट्राला परिचित होत्या. त्यांनाही स्थानबद्ध करून पुण्याच्या येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. पती एका राज्यात, पत्नी दुसऱ्या राज्यात, आणि दोघांमध्ये तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणारी पत्रे.

१०/ बंगळूरच्या या स्थानबद्धांनी कर्नाटक उच्च न्यायालयात देहोपस्थितीच्या याचिका दाखल केल्या. अशा याचिका ऐकून घेता येतात, असा निर्वाळा देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी त्या काळात दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल लागला : आणीबाणीत नागरिकाला अशी दाद मागण्याचा अधिकार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचा एकट्याचा विरोध नोंदला गेला. इतिहासात हा खटला जबलपूर खटला म्हणून ओळखला जातो. त्याच्या कागदपत्रांत राजापूरच्या खासदाराचेही प्रकरण आहे.

११/ या अनुभवाचा पुढील कारकिर्दीशी थेट संबंध आहे. सत्ता एका व्यक्तीच्या इच्छेवर चालू लागली की काय होते, हे दंडवते यांनी कोठडीत राहून पाहिले होते. मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्यांना रेल्वे खाते मिळाले. आता इच्छा त्यांची स्वतःची होती, आणि हाताशी देशातले सर्वांत मोठे सरकारी यंत्र.

१२/ पहिला प्रश्न कामगारांचा होता. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी देशव्यापी संप केला होता. तो तीन आठवड्यांत मोडून काढण्यात आला. हजारोंना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, वसाहतींतल्या खोल्या खाली करून घेतल्या गेल्या. दंडवते यांच्या काळात बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेण्यात आले. संपामुळे ज्यांची चूल विझली होती, अशा कुटुंबांना ‘जनता सरकार’ या शब्दांचा अर्थ सर्वप्रथम इथे कळला.

१३/ दुसरा प्रश्न प्रवाशांचा. १९७४ मध्ये रेल्वेने ‘तिसरा वर्ग’ कागदोपत्री रद्द केला होता आणि त्याचेच नाव ‘दुसरा वर्ग’ झाले होते. डबे जुनेच राहिले. बसायला आणि झोपायला लाकडी फळ्या. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा माणूस दोन रात्री त्या फळीवर काढी. पहिल्या वर्गात मऊ गादी आणि दुसऱ्या वर्गात उघडे लाकूड, या विषमतेत वसाहतकाळापासून कुणाला काही वावगे वाटले नव्हते.

१४/ दंडवते यांनी ठरवले की दुसऱ्या वर्गाच्या शयनिकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून समता आणण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या वर्गाला वर आणायचे, ही त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा अशी ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली. या गाडीत वर्गच नव्हते. पहिला वर्ग नाही, वातानुकूलित डबा नाही, सगळे प्रवासी सारखे. समाजवाद्यांच्या पुस्तकांतला वर्गविहीन समाज निदान एका गाडीपुरता रुळांवर धावू लागला, आणि तिचे नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहावरून ठेवले गेले.

१५/ फोम हळूहळू देशभरातल्या शयनयान डब्यांत पोहोचला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी स्वतंत्र भारताच्या इतिहासात या दोन इंचांची आवर्जून नोंद घेतली आहे, ती याच कारणासाठी : एका निर्णयाचा लाभ इतक्या लोकांना मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. आज शयनयानात पाठ टेकणाऱ्या प्रवाशाला ही सोय कुणी केली हे ठाऊक नसते. गीतांजली एक्सप्रेसही पुढे वर्गविहीन राहिली नाही, तिला वातानुकूलित डबे जोडले गेले. फोम मात्र टिकला, कारण तो नियम झाला होता. आरक्षणातला वशिला आणि काळाबाजार थांबावा म्हणून संगणकाचा विचारही याच कार्यकाळात पुढे सरकला. प्रत्यक्ष संगणकीकृत आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले.

१६/ आता मूळ प्रश्नाकडे. हे सर्व चालू असताना कोकण रेल्वेचे काय झाले? दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत रूळ १९६० च्या दशकातच पोहोचले होते. दंडवते यांच्या काळात आपटा ते रोहा हा पुढचा टप्पा मार्गी लागला. रोह्यापर्यंत गाडी धावायला मात्र १९८६ उजाडले. रोह्याच्या पुढे सह्याद्रीचे सुळके, खाड्या, ओढे आणि जांभा दगड. रेल्वेच्या प्रचलित हिशेबात नव्या मार्गावर होणाऱ्या खर्चाचा परतावा दाखवावा लागे आणि योजना आयोगाची मान्यता घ्यावी लागे. बोगद्यांमागून बोगदे खोदून जाणारा, वाटेत मोठा कारखाना किंवा खाण नसलेला हा मार्ग त्या हिशेबात बसत नव्हता.

१७/ मंत्र्याने आग्रह धरून थोडी तरतूद करून घेतली असती, समारंभाने कुदळ मारली असती, तर मतदारसंघ खूश झाला असता. देशात अशा कोनशिला जागोजागी आहेत आणि त्यांच्यापुढे रूळ पडलेले नाहीत. केंद्राच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेवर शेकडो किलोमीटरचा डोंगरी मार्ग बांधायचा, तर त्याला कित्येक दशके लागली असती. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकार कोसळले. समाजवादी सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी जनता पक्ष सोडला, दंडवते पक्षातच राहिले. रेल्वे खाते हातचे गेले आणि कोकण रेल्वे रोह्याच्या अलीकडेच राहिली.

१८/ १९८० च्या निवडणुकीत राजापूरने त्यांना पुन्हा निवडून दिले. त्याच निवडणुकीत प्रमिलाताई उत्तर-मध्य मुंबईतून विजयी झाल्या. पाच वर्षांपूर्वी दोन तुरुंगांत असलेले पती-पत्नी आता एकाच सभागृहात बसू लागले. प्रमिलाताईंनी हुंडाविरोधी कायदा कडक करण्यासाठी खासगी विधेयक मांडले. दंडवते विरोधी बाकांवरील सर्वांत अभ्यासू वक्त्यांपैकी एक म्हणून ओळखले जात. आकडे, संसदीय नियम आणि मिस्कील विनोद ही त्यांची हत्यारे. आवाज चढवल्यावाचून मंत्र्याला कोंडीत पकडता येते, याचे धडे त्या काळच्या लोकसभेच्या कामकाजात सापडतात.

१९/ १९८९ च्या अखेरीस सत्तांतर झाले आणि कोकण रेल्वेच्या दृष्टीने दुर्मीळ योग जुळून आला. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, त्यांचा जन्म मंगळूरचा. मधु दंडवते अर्थमंत्री झाले, त्यांचा मतदारसंघ राजापूर. योजना आयोगाचे उपाध्यक्षपद रामकृष्ण हेगडे यांच्याकडे आले, ते उत्तर कन्नड जिल्ह्यातले. नियोजित मार्ग ज्या किनारपट्टीने जाणार होता, तिथली माणसे एकाच वेळी रेल्वे, अर्थ आणि नियोजन या तिन्ही ठिकाणी बसली होती. रेल्वे बोर्डात अभियांत्रिकी विभाग सांभाळणारे ई. श्रीधरन त्याच सुमारास निवृत्त होत होते.

२०/ आता तरी अर्थमंत्र्यांनी तिजोरी उघडली का? उघडली असे म्हणता येणार नाही, कारण तिजोरीत फारसे नव्हतेच. उपाय वेगळा निघाला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला बहुतांश पैसा रोख्यांद्वारे बाजारातून उभा करायचा. ज्या राज्यांना लाभ होणार, त्यांनी भार उचलायचा, आणि कामाचा वेग दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून ठेवायचा नाही. श्रीधरन या महामंडळाचे प्रमुख झाले.

२१/ १९७७ आणि १९९० यांतला फरक इथे आहे. माणूस तोच, मतदारसंघ तोच, मागणीही तीच. १९७७ मध्ये रूळ टाकायचे तर देशाच्या रांगेत कोकणाला पुढे घुसवावे लागले असते. १९९० मध्ये रांगेबाहेरचा, पण नियमांत बसणारा मार्ग तयार करण्यात आला. त्याला इतरांचा हक्क हिरावून घ्यावा लागला नाही, आणि सरकार पडल्यावर तो बंदही पडला नाही. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार महामंडळाच्या स्थापनेनंतर चार महिन्यांच्या आत कोसळले. त्यानंतर चंद्रशेखर, नरसिंह राव, देवेगौडा, गुजराल यांची सरकारे आली आणि काम चालूच राहिले. या योजनेलाही किंमत होती. बाजारातून उचललेल्या पैशाच्या व्याजाचा भार महामंडळाने पुढे अनेक वर्षे वाहिला.

२२/ अर्थमंत्री म्हणून त्यांच्या कामाचे मूल्यमापन संमिश्रच करावे लागते. मार्च १९९० मध्ये त्यांनी एकच अर्थसंकल्प मांडला. प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा १८ हजारांवरून २२ हजार रुपयांवर नेली. सराफांना आणि कारागिरांना जाचक ठरलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा केली. शेतकरी आणि ग्रामीण कारागिरांच्या १० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची योजना आणली. कर्जमाफीवर तेव्हाही टीका झाली : बँकांची शिस्त बिघडते आणि प्रामाणिकपणे फेडणारा मूर्ख ठरतो. हा आक्षेप आजही तितकाच जिवंत आहे.

२३/ तूट मोठी होती, परकीय चलन आटत चालले होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेल महागले आणि आखातातून येणारा पैसा अडला. १९९१ चे अर्थसंकट एका वर्षात जन्मलेले नव्हते. १९८० च्या दशकातील उसनवारीची मुळे त्याच्या खाली होती. तरी ती मुळे उपटण्याइतका वेळ किंवा बहुमत त्या सरकारपाशी नव्हते आणि त्या दिशेने निर्णायक पाऊलही पडले नाही, ही नोंद दंडवते यांच्याविषयी आदर बाळगूनही करावी लागते.

२४/ १९९१ ची निवडणूक राजीव गांधी यांच्या हत्येच्या छायेत झाली. कोकणात शिवसेना वेगाने रुजत होती. ज्या गिरण्यांनी कोकणी घरांना मुंबईत पोसले होते, त्यांची धुराडी १९८२ च्या संपानंतर विझत चालली होती आणि त्यांच्याबरोबर समाजवाद्यांचा जुना आधारही ओसरत होता. वीस वर्षांनंतर राजापूरने दंडवते यांना पराभूत केले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. त्या वेळी कोकण रेल्वेची एकही गाडी रोह्याच्या पुढे धावली नव्हती.

२५/ १९९६ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने त्यांना योजना आयोगाचे उपाध्यक्ष केले. वीस वर्षांपूर्वी ज्या आयोगाच्या हिशेबात कोकण बसत नव्हते, त्याच आयोगाचा कारभार आता त्यांच्याकडे होता. ते त्या पदावर असतानाच, २६ जानेवारी १९९८ रोजी, रोहा ते मंगळूर हा मार्ग पूर्ण झाला. सुमारे ७६० किलोमीटर लांबी, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, नव्वदहून अधिक बोगदे. एकट्या करबुड्याच्या बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर. सात-आठ वर्षांत उभे राहिलेले हे काम स्वतंत्र भारतातल्या रेल्वे बांधणीतील मोठ्या कामगिरींपैकी एक गणले जाते.

२६/ प्रा. मधु दंडवते यांचे १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत निधन झाले. प्रमिलाताई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. अंत्यसंस्कारांचा सोहळा नको, या त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. पुढे मतदारसंघांच्या फेररचनेत ‘राजापूर’ हे नावही लोकसभेच्या यादीतून गेले, आता तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये आहे. योगायोग असा की १९९६ ते २००९ या काळात याच राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे सुरेश प्रभू २०१४ मध्ये देशाचे रेल्वेमंत्री झाले.

२७/ ‘तेव्हाच रेल्वे का आली नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्या कोकणी माणसाची तक्रार खोटी नाही. वीस वर्षांच्या विलंबात एक पिढी एसटीच्या खिडकीशी म्हातारी झाली. तिला ‘नियम’ आणि ‘परतावा’ हे शब्द सांगून समाधान होणार नाही. परंतु प्रतिनिधीने आपल्या माणसांसाठी काय ओढून आणले, एवढ्याच मापाने मोजायचे ठरवले, तर दंडवते यांच्या कामाचा मोठा भाग मापाबाहेर राहतो. लाकडी फळीवरचा फोम बिहारच्या मजुराला मिळाला, तसा तो सावंतवाडीच्या चाकरमान्यालाही मिळाला. फरक इतकाच की सावंतवाडीच्या माणसाला त्यावर आडवे होऊन थेट गावी जायला १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली.

२८/ श्रेयाच्या वादात दंडवते यांचे नाव वालावलकरांच्या आणि नाथ पैंच्या पुढे लावावे की मागे, हे वाद घालणाऱ्यांनी ठरवावे. कागदपत्रांतून दिसते ते असे : मागणी इतरांनी आधीच केली होती, बांधकाम इतरांनी केले. मागणी आणि बांधकाम यांच्यामध्ये पैसा उभा करण्याचा जो एक अवघड टप्पा होता, तो सुटला तेव्हा अर्थमंत्र्यांच्या खुर्चीवर राजापूरचा खासदार बसला होता, आणि पुढच्याच निवडणुकीत तो खासदार नव्हता.

धागा समाप्त.